कॉइलच्या पोटात काय घालावे: चाळीस वर्षांचा मागोवा

1986 साली महागावच्या एका रेडिओ दुरुस्तीच्या दुकानात मी कामाला लागलो, तेव्हा स्पीकरच्या पेटीत कॉइल असते हे मला ठाऊक नव्हते. आमच्याकडे पेटी म्हणजे सुताराने केलेला खोका, त्यात दहा इंची वूफर, वर एक ट्वीटर आणि ट्वीटरच्या वायरीत एक कंडेन्सर. कंडेन्सर खर्ज अडवतो, ट्वीटर जळत नाही, तेवढ्यावर भागायचे. वूफरला मात्र सगळेच सूर जायचे. सप्ताहात टाळांचा आवाज दोन्हीकडून यायचा आणि गाणाऱ्याचे शब्द त्यात बुडायचे. हा दोष काढायचा म्हणून मी कॉइलच्या नादी लागलो.

वूफरच्या वाटेतल्या कॉइलचे काम सोपे आहे. खर्जाला ती वाट देते, वरच्या सुरांना अडवते. कॉइलचे माप मिलिहेन्रीत मोजतात: 1 मिलिहेन्रीची कॉइल 100 हर्ट्झला जेमतेम 0.63 ओहमचा अडथळा करते, 5,000 हर्ट्झला 31 ओहमचा. 8 ओहमचा वूफर 2,500 हर्ट्झपाशी तोडायचा तर एका कॉइलच्या साध्या क्रॉसओव्हरला, म्हणजे सुरांच्या वाटणीला, अर्धा मिलिहेन्री पुरतो. 200 हर्ट्झपाशी तोडायचा तर सहाच्या वर लागतात. तेवढी कॉइल नुसत्या तारेची करायची तर तांबे फार जाते. पोटात लोखंडाच्या जातीचा काही गाभा घातला की थोड्या वेढ्यांत काम होते. गाभा म्हणजे तांब्याची बचत. त्या बचतीची किंमत कुठे चुकवावी लागते, हे कळायला मला वीस वर्षे लागली.

पहिला गाभा हाताशीच होता. भंगारात आलेल्या प्रत्येक ट्रान्झिस्टरमध्ये मीडियम वेव्हच्या अँटेनाची काळी फेराइटची कांडी असायची. फेराइट ही टोकियोच्या काटो आणि ताकेई यांची 1930 सालची देणगी. लोखंडाच्या ऑक्साइडची ही भाजलेली माती वीज जवळजवळ वाहू देत नाही, त्यामुळे रेडिओच्या उंच फ्रिक्वेन्सीलाही ती तापत नाही. मी दहा मिलिमीटर जाडीच्या कांडीवर सव्वाशेच्या आसपास वेढे घेतले आणि दुकानात वाजवून पाहिले. आवाज स्वच्छ आला. दुकानाच्या उस्तादांनी पाठ थोपटली.

पण तीच पेटी मंडपात जोरात वाजली की आवाज चरचरायचा. कितीतरी दिवस आम्ही दोष अँप्लिफायरला दिला. खरा हिशोब मी फार नंतर मांडला. 100 वॅटला 8 ओहमच्या वूफरमधून साडेतीन अँपिअर करंट जातो आणि त्याचा माथा 5 अँपिअरला पोचतो. 1 मिलिहेन्री, 5 अँपिअर, 120 वेढे आणि कांडीचे साडेअठ्ठ्याहत्तर चौरस मिलिमीटर क्षेत्र घेतले, तर गाभ्यातले चुंबकत्व अर्ध्या टेस्लाच्या वर जाते. फेराइट तर 0.35 ते 0.4 टेस्लालाच गच्च भरतो आणि तापला की आणखी लवकर. गाभा भरला की कॉइल कॉइल राहत नाही, वरचे सूर वूफरमध्ये घुसतात. म्हणजे चाळीस-पन्नास वॅटच्या पुढे त्या कांडीचा भरवसा नव्हता. दुकानात आम्ही पाच वॅटवर वाजवून पाहिले होते, मग दोष दिसणार कसा?

नव्वदच्या दशकात मी पत्र्याच्या गाभ्याकडे वळलो. जळके एलिमिनेटर आणि स्टॅबिलायझर दुकानात पडलेलेच असत, त्यांचे ई आणि आय या इंग्रजी अक्षरांच्या आकाराचे पत्रे, म्हणजे स्टॅम्पिंग, उपसून घ्यायचे. हा सिलिकॉनमिश्रित पोलादाचा पत्रा असतो. सिलिकॉनमुळे त्याचा विजेला होणारा विरोध वाढतो आणि पातळ पत्रे एकमेकांपासून वेगळे ठेवले की आत फिरणारे भोवरी करंट कमी होतात. तो दीड टेस्लाच्या पुढेही तग धरतो, फेराइटच्या चौपट.

इथे मी पुन्हा चुकलो. ट्रान्सफॉर्मरसारखे एक ई इकडून, एक ई तिकडून असे पत्रे विणले. कॉइल हळू आवाजाला एक किंमत दाखवी आणि मोठ्या आवाजाला दुसरी. जोड इतका घट्ट असला की सगळी सत्ता लोखंडाच्या हाती जाते आणि लोखंडाचा स्वभाव करंटप्रमाणे बदलतो. उपाय जुन्या ट्यूबलाइटच्या चोकमध्ये होता. सगळे ई एका बाजूला, सगळे आय दुसऱ्या बाजूला आणि मध्ये कागद. ती कागदाएवढी फटच कॉइलची किंमत ठरवते आणि फटीतली हवा कधी भरत नाही. लोखंड मग फक्त वाट दाखवते.

2000 नंतर कॉम्प्युटरचे भंगार तालुक्यापर्यंत येऊ लागले. त्यांच्या पॉवर सप्लायमधली पिवळी-पांढरी रिंग पाहून मला हर्ष झाला. ती लोखंडाच्या भुकटीची असते. प्रत्येक कणाभोवती वेगळे आवरण असल्याने फट सगळीकडे वाटलेली असते आणि म्हणून ती एकदम भरत नाही. पण मीटर लावून पाहिल्यावर कळले की आवाज वाढला की तिची हेन्री आधी वाढते आणि मग घसरते. पॉवर सप्लायमध्ये एकाच दिशेचा करंट गाळायला ती उत्तम. सुरांच्या वाटेत मात्र किंमत जागची हलता कामा नये. पिवळी रिंग मी परत ठेवून दिली.

हवेच्या गाभ्याकडे मला मोटर रिवाइंडिंगवाल्याने नेले. आमचा भाग कापसाचा, विहिरीवरच्या मोटरींचा. व्होल्टेज पडले की मोटर जळते, म्हणून रिवाइंडिंगचे काम कधी थांबत नाही. माझ्या हातातले स्टॅम्पिंग पाहून तो म्हणाला, "भाऊ, लोखंडाच्या भानगडीत पडताच कशाला? आमच्याकडे तार किलोवर मिळते. नुसती तार गुंडाळून पाहा." त्याच्याकडे नंबरवार तार होती, वाइंडिंगचे मशीन होते, वॉर्निश होते. साचा शेतातच सापडला: पाण्याच्या 32 मिलिमीटर पीव्हीसी पाइपाचा तुकडा आणि दोन्ही तोंडांना प्लायवूडच्या चकत्या.

तो मापाचा पाइप योगायोगानेच नेमका निघाला. कमीत कमी तारेत जास्तीत जास्त हेन्री मिळवायची तर गुंडाळीचा छेद चौरस असावा आणि आतला व्यास त्या चौरसाच्या बाजूच्या दुप्पट असावा. याला ब्रूक्सची कॉइल म्हणतात. ऑस्ट्रेलियाचे नेव्हिल थिल यांनी 1976 साली ऑडिओच्या हवाई कॉइलींचा हिशोब सविस्तर मांडला, तो याच वाटेचा. 32 मिलिमीटर पाइपावर 16 मिलिमीटर रुंद आणि 16 मिलिमीटर उंच गुंडाळी, 18 नंबरच्या तारेचे सुमारे 157 वेढे. झाला 1 मिलिहेन्री. तार 24 मीटर, वजन पाव किलो, रोध 0.35 ओहम. ही कॉइल कितीही जोरात वाजवा, भरत नाही, कारण भरायला आत काहीच नाही. पहिल्यांदा ती लावली त्या रात्री भजनी मंडळाच्या पेटीतून टाळ वेगळा आला, शब्द वेगळा आला. तो आवाज अजून माझ्या कानात आहे.

मग सगळीकडे हवाच का नको? कारण 6 मिलिहेन्रीची हवाई कॉइल त्याच तारेची केली तर 320 वेढे, 70 मीटर तार, पाऊण किलो तांबे आणि एक ओहम रोध होतो. आठ ओहमच्या वाटेत एक ओहम आधीच बसला तर सुमारे एक डेसिबल आवाज जातो आणि वूफरवरची अँप्लिफायरची पकड सैल होते, खर्ज लोळतो. तीच 6 मिलिहेन्री 23 नंबरच्या स्टॅम्पिंगवर, पाऊण इंच जाडीच्या थप्पीवर 100 वेढ्यांत होते. जोडात सुमारे 0.4 मिलिमीटर कागद. तार 11 मीटर, रोध 0.16 ओहम आणि 5 अँपिअरच्या माथ्याला गाभा 0.9 टेस्लापाशी, म्हणजे भरण्यापासून बराच दूर. इथे लोखंडच शहाणपणाचे.

अशी ठोकरा खात माझी रीत ठरली. ट्वीटरच्या बाजूला आणि दीड-दोन मिलिहेन्रीपर्यंत वूफरच्या बाजूलाही हवेचा गाभा. त्यापुढे फट ठेवलेला पत्रा. फेराइटची कांडी घरच्या दहा-वीस वॅटच्या पेटीपुरती. तार तांब्याचीच, कारण ॲल्युमिनियमचा रोध दीडपटीहून जास्त. दोन कॉइली एकमेकींना काटकोनात आणि लांब ठेवायच्या. हवाई कॉइल लोखंडी स्क्रूने कधी आवळायची नाही, नाहीतर नकळत तिच्या पोटात गाभा जातो.

आज मोठ्या डीजेच्या संचात सुरांची वाटणी अँप्लिफायरच्या आधीच डिजिटल पद्धतीने होते, कॉइल लागत नाही. पण देवळातली, शाळेतली, घरातली पेटी अजून एकाच अँप्लिफायरवर चालते आणि तिला कॉइल लागतेच. ती करणाऱ्या मुलांना एवढेच सांगतो. मोबाइलमधला टोन अँप्लिफायरमधून द्या, कॉइलसोबत मोठ्या वॅटचा 10 ओहमचा रेझिस्टर एकामागे एक जोडा आणि दोघांवरचे व्होल्टेज सारखे येईपर्यंत फ्रिक्वेन्सी फिरवा. 1 मिलिहेन्रीला ती 1,600 हर्ट्झच्या जवळ येते. दोन्ही आकडे सारखेच हवे असल्याने साध्या मीटरची चूकही आड येत नाही. मग आवाज वाढवून तेच पुन्हा, पण थोडा वेळच, कारण रेझिस्टर तापतो. फ्रिक्वेन्सी सरकली तर गाभा भरतो आहे, कॉइल मोडून नवी करा. सरकली नाही तर वेढे, तारेचा नंबर आणि मिलिहेन्री चिठ्ठीवर लिहून कॉइलला चिकटवा. मी सुरुवातीची कित्येक वर्षे ती चिठ्ठी लावली नाही आणि त्याच चुका दोनदा केल्या. तुम्ही लावा.