चीवराचा नमुना आणि घरी शिवलेला शर्ट

आपल्या समाजाच्या इतिहासात वस्त्राचा प्रश्न हा माणुसकीच्या हक्काचा प्रश्न राहिला आहे. मनुस्मृतीच्या दहाव्या अध्यायाने चांडाळांच्या अंगावर मृतांची वस्त्रे नेमून दिली. २५ डिसेंबर १९२७ रोजी महाड येथे त्या ग्रंथाचे दहन झाले आणि त्याच परिषदेच्या प्रसंगी बाबासाहेबांनी जमलेल्या स्त्रियांना स्वच्छ, नीटनेटके राहण्याचा उपदेश केला. म्हणूनच निवासी शाळेतील प्रत्येक मुलामुलीला आपला शर्ट आपण शिवता यावा, असे आम्हांस वाटते.

नमुन्यावरून शिवण्याची परंपरा आपल्या धम्मातही आहे. मगधातील बांधांनी आखलेली शेते पाहून भगवंतांनी तशा आकृतीचे चीवर करता येईल का, असे आनंदांना विचारले. आनंदांनी तुकडे जोडून तो नमुना सिद्ध केला, असे विनयपिटकाच्या महावग्गात सांगितले आहे.

शर्टाचा कागदी नमुना हेच काम करतो. तो छातीच्या मापावरून निवडावा. पूर्ण बाहीच्या शर्टास ३६ इंच पन्ह्याचे साधारण अडीच मीटर कापड लागते. सुती कापड आधी धुऊन, वाळवून इस्त्री करावे. नाहीतर शिवलेला शर्ट पहिल्याच धुण्यात आटतो. नमुन्यावरील बाणाची रेघ कापडाच्या काठाला समांतर ठेवावी. ती तिरकी गेल्यास शर्ट अंगावर पिळतो. पाठीचा नमुना घडीवर लावावा. शिलाईची जागा नमुन्यात धरली आहे की नाही, हे पाहूनच कात्री चालवावी.

शिवण्याचा क्रम महत्त्वाचा आहे. प्रथम दोन्ही पुढ्यांच्या काजपट्टी व बटणपट्टी दुमडून टीप मारावी. मग खांद्याच्या दुहेरी पट्टीने पुढे आणि पाठ जोडावेत. कॉलरीत बकरम घालून ती उलटी शिवावी, टोकांचे जादा कापड छाटावे आणि मगच सुलटी करावी. तेव्हा टोके टोकदार येतात. बाही सपाट असतानाच मुंढ्याला जोडावी आणि त्यानंतर बाही व कूस एकाच टिपेने शिवून घ्यावी. शेवटी कफ, खालची दुमड व काजे. छातीच्या सर्वांत रुंद भागावर एक काज आधी ठरवून बाकीची समान अंतराने आखावीत. म्हणजे तेथे शर्ट उघडा पडत नाही. प्रत्येक टिपेनंतर इस्त्री फिरवावी.

पहिला शर्ट जुन्या चादरीचा करून पाहावा. माप चुकले तर नवे कापड वाया जात नाही, आणि दुरुस्ती कागदावरच करून ठेवता येते.

पालकांस आमची एक विनंती आहे. शिवणयंत्रासमोर मुलीबरोबर मुलालाही बसवावे. वर्षावासानंतर कठिन चीवर शिवण्यासाठी भिक्खू एकत्र बसत, तेव्हा सुई धरण्यात त्यांना कमीपणा वाटला नाही.

जय भीम!