हापशाची न दिसणारी गळती

हापशाची गळती बहुधा जमिनीखाली असते. अक्कलकुवा, धडगावकडच्या पाड्यांवर सकाळी बराच वेळ हापसल्यावरच पाणी येत असेल आणि मग धार नीट लागत असेल, तर तळाची झडप किंवा पाइपांचे सांधे गळत असतात. रात्रभरात पाइपातले पाणी बोअरमध्ये उतरते. बोअरला पाणी असूनही धार बारीक असेल, तर दट्ट्याचे वॉशर झिजलेले असण्याची शक्यता जास्त. वॉशर बदलणे सोपे, पण ‘इंडिया मार्क २’ प्रकारच्या हापशात त्यासाठी सगळे जड पाइप वर काढावे लागतात. ‘मार्क ३’चा दट्ट्या आणि झडप रुंद पाइपातूनच बाहेर येतात, दुर्गम पाड्यांना तोच सोयीचा. पाइप काढलेच, तर आटे तपासून सगळेच वॉशर बदलावेत.