गेम विकत घेतला, चावी मात्र कंपनीकडे

आम्ही कापडाचे व्यापारी. जळगावच्या फुले मार्केटमध्ये किंवा धुळ्याच्या आग्रा रोडवर गिऱ्हाईकाने तागा घेतला की तो त्याचा. सदरा शिवो, नाहीतर उशीचे अभ्रे. कॉम्प्युटर गेमच्या धंद्यात मात्र माल विकल्यावरही कुलपाची चावी कंपनी आपल्याकडे ठेवते. चोरून नकला होऊ नयेत हा तिचा हेतू रास्तच आहे.

पण त्रास कोणाला होतो ते पहा. २००८ साली आलेला ‘स्पोअर’ सुरुवातीला तीनच कॉम्प्युटरांवर बसवता येई. २०१० मध्ये युबीसॉफ्टने ‘असॅसिन्स क्रीड २’ला सतत इंटरनेटची अट घातली, जोडणी तुटली की खेळ थांबे. त्या काळी आपल्या खानदेशात लोडशेडिंग! इन्व्हर्टरवर कॉम्प्युटर चालला तरी इंटरनेट टिकेल याचा भरवसा कोण देणार? त्यातच मार्चमध्ये कंपनीचेच सर्व्हर बंद पडले आणि पैसे मोजलेली मंडळी खोळंबली. कुलूप तोडलेली नक्कल वापरणाऱ्याला यातले काहीच सोसावे लागत नाही. ही अट कंपनीने पुढे मागे घेतली.

२०१५ च्या विंडोज १० ने तर ‘सेफडिस्क’ हे जुने कुलूपच नाकारले. ते लावलेल्या अस्सल सीड्या त्यावर चालेनात.

आपल्या कॉपीराइट कायद्यात २०१२ पासून हक्कभंगाच्या इराद्याने कुलूप तोडणाऱ्यास दोन वर्षांपर्यंत कैद आहे. त्याच कायद्याचे कलम ५२ अस्सल प्रतीच्या मालकाला, ती खराब झाल्यास हाताशी असावी म्हणून, नक्कल काढण्याची मुभा देते; पण कुलपामुळे ती नक्कल चालत नाही. तेव्हा मुलांसाठी गेम घेताना इंटरनेट सतत लागते काय आणि किती कॉम्प्युटरांवर बसतो, हे पैसे देण्याआधी दुकानदाराला विचारावे.