सहीआधीची पाहणी

हैदराबाद रस्त्यावरच्या गोदामात नागपूरहून आलेली माझी मोटरसायकल उतरवली, तेव्हा गोणपाट वरून शाबूत दिसत होतं. डाव्या अंगाला मात्र सुतळी तुटून पेंढा बाहेर आला होता. क्लार्कनं सहीसाठी बिल्टी पुढे केली. मी म्हटलं, आधी गोणपाट सोडा. हमालांची दुसरी गाडी खोळंबली होती, तरी एकानं ब्लेडनं सुतळ्या कापून दिल्या.

डावा इंडिकेटर मुळातून गेलेला, क्लचचा लिव्हर आत वळलेला, टाकीला तळहाताएवढा पोचा. लेग गार्ड, फूटरेस्ट आणि हँडलच्या टोकांवर एकाच दिशेनं ओरखडे. म्हणजे गाडी ट्रकमध्ये डाव्या कुशीवर पडली आणि तशीच घासत आली. नुसत्या हँडलला दोरी बांधली की हे होतं. फोर्क धरणाऱ्या खालच्या ‘टी’ला दोन्ही बाजूंनी ताण दिला असता, तर ती हलली नसती.

बिल्टीवर ‘गाडी खराब मिळाली’ एवढं लिहून भागत नाही. मी एकेका भागाचं नाव लिहिलं, क्लार्कची सही-शिक्का घेतला, नंबरप्लेट आणि फाटलं गोणपाट एकाच चौकटीत येईल असे फोटो काढले. २००७ च्या रस्ते मालवाहतूक कायद्यानुसार दावा लावायचा तर बुकिंगच्या तारखेपासून १८० दिवसांत वाहतूकदाराला लेखी नोटीस जावी लागते. जादा जोखमीचा दर भरलेला नसेल, तर भरपाई साधारण भाड्याच्या दहापटीपर्यंतच. भाडं दोन हजार असेल तर वीस हजार, मग गाडी लाखाची का असेना. रेल्वेनं आलेल्या मालाचा कायदा वेगळा, १९८९ चा. त्यात माल खराब दिसला तर ‘ओपन डिलिव्हरी’ मागायचा हक्क कलम ८१ देतं, आणि दाव्याची नोटीस सहा महिन्यांत द्यावी लागते.

बहुतेकांना ठाऊक नसलेली गोष्ट विम्याच्या कागदात असते. दुचाकीच्या पॅकेज पॉलिसीत रस्त्यानं किंवा रेल्वेनं नेताना झालेलं नुकसानही धरलेलं असतं. नुसत्या थर्ड पार्टीत नाही. रबर-प्लॅस्टिकच्या भागांवर मात्र निम्मा घसारा कापतात. दावा करायचा तर विमा कंपनीचा सर्व्हेअर पाहून जाईपर्यंत मेस्त्रीला पाना लावू द्यायचा नाही.

जुन्या मिलजवळच्या मेस्त्रींनी तर सर्व्हेअर येऊन गेल्यावरही टाकीकडे ढुंकून पाहिलं नाही. यंत्रमागाच्या वेस्टनं हात पुसत ते म्हणाले, “पोचा दिसतोय की ओ. पाईप वाकला असंल तर ते कसं दिसणार?” त्यांनी पुढचं चाक गुडघ्यांत धरलं आणि हँडल सरळ केलं. चाक किंचित डावीकडेच राहिलं. ‘टी’चे बोल्ट सैल करून, पीळ काढून पुन्हा आवळले, तरी फरक राहिला. मग फोर्कचे पाईप काढून जाड काचेवर एकेक गडगडवले. उजवा सरळ गेला. डाव्याखालून दर फेऱ्याला उजेडाची बारीक फट दिसायची.

प्रेसवर पाईप सरळ होतो, खर्चही कमी येतो. पण एकदा वाकलेल्या पोलादावर पुढच्या चाकाचा भार टाकायला माझं मन तयार होईना. मेस्त्रींचंही तेच मत पडलं. नवा पाईप, नवं ऑइल सील असं ठरलं. टाकी आतून धुऊन, पेट्रोलची वाफ पुरती काढून मगच डेंटिंगला जाईल. त्यानंतर लांबी, घासणी, रंग. सर्व्हेअरला वाकलेल्या पाईपचं फोनवर कळवलं, तेव्हा त्यानं तो पाईप जपून ठेवायला सांगितला. मेस्त्रींनी त्यावर खडूनं गाडीचा नंबर घातला आणि तो फळीवर ठेवला.