पंचांच्या कानाआडचं क्रिकेट

2025च्या ऑक्टोबरात गहुंजेला महाराष्ट्र आणि मुंबई यांच्यात सामना झाला. म्हणायला सरावाचा. मुंबई सोडून महाराष्ट्राकडे आलेल्या पृथ्वी शॉनं 181 धावा ठोकल्या, मुशीर खाननं त्याला बाद केलं आणि मग दोघांत जुंपली. मुशीर त्याला नुसतं 'थँक यू' म्हणाला होता, असं वर्तमानपत्रांत आलं. आमच्या शिरूरला (घोडनदीचं नव्हे, कासारांचं) चहाच्या टपरीवर लगेच दोन तट. एक म्हणे, आभार मानले तर एवढं चिडायचं कशाला? दुसरा म्हणे, कसं म्हणाला ते ऐकलंय का तुम्ही? मी दुसऱ्याच्या बाजूचा. मैदानावरचा अपमान शब्दात थोडा आणि सुरात फार असतो, आणि सुराची नोंद ठेवणारा स्कोअरर अजून जन्माला यायचाय.

मी वर्षानुवर्षं एकच तुणतुणं वाजवतोय, हे जुन्या वाचकांना ठाऊक आहे. खेळाडूच्या जिभेला लगाम फक्त त्याचा कर्णधार घालू शकतो. पंच, सामनाधिकारी, माइक हे सगळे नंतर. यावर शहरातले काही जाणते मला भाबडा म्हणतात. त्यांच्या मते तोंड चालवणं हाही खेळाचाच भाग, ज्याला सोसत नाही त्यानं कॅरम खेळावा. या मंडळींनी स्वतः कधी शॉर्ट लेगला उभं राहून आईवरचं ऐकलंय का, हे एकदा विचारायचं आहे.

नियमांचा इतिहास उरकून टाकतो. 1991 साली आचारसंहिता आणि सामनाधिकारी आले, 2016 साली डिमेरिट गुण. 2017च्या नव्या नियमावलीत बेचाळीसावा नियम सगळा वर्तनाचा: ताकिदीनंतर पाच धावांचा दंड, फार झालं तर खेळाडू बाहेर. 2018 साली वैयक्तिक शिवीगाळ हा वेगळा गुन्हा ठरला. कलमं वाढली. शिव्या घटल्या असं सांगणारा माणूस मला अजून भेटायचाय.

अडतं ते पुराव्यापाशी. 2008च्या सिडनी कसोटीत सायमंड्सला हरभजन काय बोलला, हे पंचांनी ऐकलं नव्हतं. सामनाधिकारी माइक प्रॉक्टरनी ऑस्ट्रेलियाच्या खेळाडूंवर विश्वास ठेवून तीन कसोटींची बंदी घातली. अपिलात न्यूझीलंडचे न्यायमूर्ती हॅन्सन बसले. खेळपट्टीवर सोबत असलेल्या सचिनची साक्ष झाली, उत्तर हिंदुस्थानातली एक सर्रास शिवी कानाला कशी लागते याचा खल झाला, आणि वंशद्वेषाचा आरोप टिकला नाही. साध्या शिवीगाळीबद्दल निम्मं मानधन कापलं गेलं. हरभजनच्या आधीच्या चुकांची पूर्ण यादी न्यायमूर्तींपुढे आलीच नव्हती, हे पुढे उघड झालं. एका शिवीपायी दोन देशांची मंडळं हातघाईवर आली, आणि ती शिवी नेमकी कोणती, यावर आजही वाद घालणारे आहेत.

मग माइक लावा, म्हणणारे आले. 2019 साली दरबानला पाकिस्तानचा सर्फराज अहमद दक्षिण आफ्रिकेच्या फेलुक्वायोला त्याच्या रंगावरून उर्दूत बोलला, ते माइकनं पकडलं आणि सर्फराज चार सामने घरी बसला. हे झालं शब्दांचं. पण दलित गोलंदाज पळवणकर बाळूंना पुण्यात इतरांपासून वेगळं, तंबूबाहेर, मातीच्या भांड्यात चहा दिला जायचा, तेव्हा कुणी तोंडातून ब्रही काढला नसेल. कुठला माइक पकडणार होता ते? बाळूंना हिंदू संघाचं कर्णधारपद अखेरपर्यंत मिळालं नाही. त्यांचे भाऊ विठ्ठल 1923 साली कर्णधार झाले, तेही 1920 साली भावांनी संघावर बहिष्कार टाकल्यानंतर.

आता माझ्या आवडत्या माणसाकडे येतो. अजिंक्य रहाणे. शेजारच्या नगर जिल्ह्यातला, संगमनेर तालुक्यातला, म्हणून आम्हाला जरा जास्तच जवळचा. सप्टेंबर 2022, कोइम्बतूर, दुलीप करंडकाची अंतिम लढत, पाचवा दिवस. पश्चिम विभाग जिंकायला आलेला. यशस्वी जैस्वालनं त्याच सामन्यात 265 धावा केलेल्या, म्हणजे सामना त्यानंच आणून दिलेला. फलंदाजाजवळ उभा राहून तो दक्षिणेच्या रवी तेजाला सारखं काहीबाही बोलत होता. पंचांनी समजावलं. पोरगं ऐकेना. रहाणे त्याच्याकडे गेला, बोलला आणि त्याला सरळ मैदानाबाहेर घालवलं. बदली खेळाडू नाही. सात षटकं पश्चिम विभाग दहा जणांत खेळला. सामना 294 धावांनी जिंकलाच, पण तो हरला असता तरी मी हेच लिहिलं असतं. आपल्याच द्विशतकवीराला बाहेर काढायला जी छाती लागते, ती सामनाधिकाऱ्याच्या दंडाच्या कागदात येत नाही. 2021 साली सिडनीत प्रेक्षक सिराजला शिव्या घालत होते, तेव्हाही कर्णधार हाच. पंचांशी बोलून खेळ थांबवला, सहा जणांना स्टेडियमबाहेर काढेपर्यंत थांबला, आणि मैदान सोडून जाण्याचा पर्याय असताना खेळला.

कर्णधारच का, हे मी शिकलो ते सिंदफणेच्या पात्रातल्या टेनिस बॉलच्या सामन्यांत. आमच्या तालुक्यातली निम्मी पोरं दिवाळीनंतर आईबापांबरोबर ऊसतोडीला, कोयत्यावर जायची, कारखान्याचा पट्टा पडला की परतायची, आणि मग उन्हाळ्यात सामने रंगायचे. पंच बॅटिंग करणाऱ्या संघातलाच, त्यामुळे त्याच्या निकालावर बोलणं हा प्रत्येकाचा हक्क. आईबहिणीवरच्या शिव्या वाऱ्यावर जायच्या. एकदा मात्र एका गोलंदाजानं समोरच्या पोराला विचारलं, "बापाची उचल फिटली का रे?" बाहेरच्या माणसाला यात शिवी ऐकूसुद्धा येणार नाही. मुकादमाची आगाऊ उचल अंगावर घेऊन घर चालवणाऱ्याच्या पोरानं बॅट खाली टाकली. गोलंदाजाचा कर्णधार मिड-ऑफवरून आला, त्यानं चेंडू काढून घेतला आणि त्याला पात्राबाहेर पिटाळलं. तोही ऊसतोडीच्याच घरातला होता, म्हणून त्याला कळलं. आयसीसीनं दुबईत बसून केलेल्या कुठल्या कलमात 'उचल' येणार आहे?

आता सगळं पालटलंय. बीडच्या सचिन धसनं 2024 साली बेनोनीला युवा विश्वचषकाच्या उपांत्य सामन्यात 96 धावा केल्या, तेव्हा ऊर भरून आला होता. पण पोरं त्याच्या ड्राइव्हपेक्षा रोहितचं स्टंप माइकवरचं बोलणं जास्त घोकतात. वाहिन्या ते कापून कापून दाखवतात, कारण खपतं. आमच्याकडच्या स्पर्धांत तर लाउडस्पीकरवरचा समालोचकच आधी टोमणा मारतो, मोबाइलवर ते थेट दिसतं, आणि बक्षिसाच्या ट्रॉफीवर नेत्याचा फोटो असतो.

मागच्या उन्हाळ्यात एका आयोजकाला सुचवलं, पत्रकात प्रवेश फीच्या खाली एक ओळ छापा: शिवी दिली तर कर्णधारानं खेळाडू बाहेर काढायचा, बदली मिळणार नाही. त्यानं पत्रक हातात घेतलं, वाचल्यासारखं केलं आणि म्हणाला, "सर, मग फायनलला मैदानात फक्त पंच उरतील. आणि त्यांचंही काही सांगता येत नाही."