कडेला उभा असलेला खेळाडू

जुन्या घरांतून दिवाणखान्याच्या भिंतीवर एखादा मोठा कुटुंबाचा फोटो लावलेला असतो. मध्यें खुर्च्यांवर घरांतील कर्ती मंडळी बसलेलीं असतात, मागें सुना-लेकी उभ्या असतात, पुढें सतरंजीवर मुलें, आणि अगदीं कडेला, चौकटींत कसाबसा मावलेला, कोणी एक मनुष्य असतो. मधल्या माणसांचीं नांवें घरांतील लहान मुलांनाहि पाठ असतात. कडेच्या मनुष्याविषयीं विचारलें म्हणजे मात्र प्रत्येक जण दुसऱ्याच्या तोंडाकडे पाहूं लागतो. "आत्याबाईंच्या सासरचा कोणी असेल," एवढ्यावर प्रश्न मिटतो. तो मनुष्य त्या दिवशीं त्या घरांत होता, फोटोसाठीं धुवट कोट घालून ताठ उभा राहिला होता, एवढें मात्र खरें.

ह्या कडेच्या मनुष्याची आठवण आम्हांला गेल्या वर्षीं अगदीं अनपेक्षित ठिकाणीं झाली. आमचा पुतण्या नोकरीनिमित्त अमेरिकेंत न्यू जर्सी येथें राहतो. त्याच्याकडे आम्ही दोन महिने मुक्कामाला होतों. एके दिवशीं संध्याकाळीं त्याचा बारा वर्षांचा मुलगा आपला खजिना घेऊन आमच्यापुढें येऊन बसला. पुठ्ठ्याची एक लांबट पेटी, आणि तींत दाटीनें उभीं करून ठेवलेलीं दोन-तीनशें चित्रकार्डें. प्रत्येक कार्डावर बास्केटबॉल खेळणाऱ्या एका खेळाडूचें छायाचित्र, आणि पाठीमागें त्याची उंची, वजन, त्याचें कॉलेज व खेळांतील कामगिरीचे आंकडे. आपलें ऐकीव ज्ञान दाखवावें म्हणून आम्हीं विचारलें, "ह्यांत तो प्रसिद्ध जॉर्डन कोठें आहे?" मुलगा म्हणाला, "तो नाहीं माझ्याकडे, आजोबा. तो सगळ्यांनाच हवा असतो. ज्यांना कोणी ठेवत नाहीं ना, त्यांना मी ठेवतों."

उत्तर पोरवयाला शोभेसेंच होतें. परंतु तें मनांतून जाईना. म्हणून ह्या छंदाची थोडी चौकशी केली, ती येथें वाचकांपुढें ठेवीत आहों.

बास्केटबॉल हा खेळ जेम्स नेस्मिथ नांवाच्या शिक्षकानें मॅसॅच्युसेट्स राज्यांतील स्प्रिंगफील्ड येथें १८९१ सालच्या डिसेंबरांत काढला. व्यायामशाळेच्या सज्जाला दोन्ही बाजूंस पीच फळांच्या टोपल्या टांगून पहिला सामना झाला, आणि त्या टोपल्यांवरूनच खेळाला नांव पडलें. चित्रकार्डांची चाल त्याहूनहि थोडी जुनी आहे. सिगारेटचें पाकीट चेंगरूं नये म्हणून त्यांत जाड कागदाचा एक तुकडा घालीत असत. तो कोरा कां ठेवावा, असा विचार करून १८८० नंतरच्या दशकांत अमेरिकन व्यापाऱ्यांनीं त्यावर नटी, योद्धे आणि बेसबॉलचे खेळाडू छापण्यास आरंभ केला. पुढें सिगारेटची जागा च्युइंगगमनें घेतली, आणि बापाऐवजीं मुलगा गिऱ्हाईक झाला. बास्केटबॉलला ही प्रतिष्ठा बऱ्याच उशिरां लाभली. बोमन कंपनीनें १९४८ सालीं ७२ कार्डांचा संच काढला; ह्या खेळाचा पहिला मोठा संच तो. त्यांतील ६९ व्या क्रमांकाचें, जॉर्ज मायकन ह्या चष्मा लावून खेळणाऱ्या धिप्पाड खेळाडूचें कार्ड आज फार मोलाचें समजलें जातें. त्याच संचांतील बाकीच्या बहुतेकांचीं नांवें मात्र ह्या खेळाच्या भक्तांनाहि सांगतां येत नाहींत.

संग्राहकांच्या बोलींत अशा बाकीच्या कार्डांना 'कॉमन' म्हणतात. एका संचांत नामांकित खेळाडू फार तर दहा-पंधरा. उरलेले सारे कॉमन. ही विषमता किती मोठी होऊं शकते, हें फ्लीअर कंपनीच्या १९८६ सालच्या १३२ कार्डांच्या संचावरून दिसेल. ह्या संचांत खेळाडू आडनांवांच्या वर्णानुक्रमानें लावलेले असल्यामुळें १३ व्या क्रमांकावर सॅम बोवी आला, आणि ५७ व्या क्रमांकावर मायकेल जॉर्डन. व्यावसायिक संघ दरवर्षीं नव्या खेळाडूंची पाळीपाळीनें निवड करतात. १९८४ सालच्या निवडींत बोवीचा क्रमांक दुसरा लागला आणि जॉर्डनचा तिसरा. म्हणजे पोर्टलंडच्या संघानें जॉर्डनला सोडून बोवीला पसंत केलें. पुढें जॉर्डनचें नांव जगभर झालें, आणि बोवीच्या पायाचें हाड वारंवार मोडलें. दोघांचीं कार्डें एकाच संचासाठीं, एकाच मापाचीं छापलीं गेलीं. बारा कार्डांच्या एकाच पाकिटांतून, गमच्या एकाच वडीबरोबर, तीं एकाच मुलाच्या हातीं पडणेंहि शक्य होतें. पुढें जॉर्डनच्या त्या कार्डाला किंमत किती आली? २०२१ सालच्या जानेवारींत त्याच्या दोन निर्दोष प्रतींना लिलावांत प्रत्येकीं ७,३८,००० डॉलर आले. बोवीची साधारण प्रत थोड्याशा डॉलरांत मिळते.

आमच्या नातवाच्या पेटींत बोवी होता. "सगळे ह्याला हंसतात," तो म्हणाला, "पण पाय इतक्यांदा मोडूनहि हा १९९५ पर्यंत खेळत होता." लोकांच्या स्मरणांत हा मनुष्य एका संघाची चूक म्हणून उरला आहे, कार्डावर मात्र तो सात फूट एक इंच उंचीचा, हातांत चेंडू धरलेला खेळाडू आहे. कार्ड कोणाची थट्टा करीत नाहीं, तें केवळ नोंद करतें.

परंतु कार्ड स्वस्त असणें ही एक गोष्ट, आणि कार्डच नसणें ही दुसरी. बोमनच्या संचानंतर ह्या खेळाचा मोठा संच टॉप्स कंपनीनें काढला तो १९५७ सालीं. त्यानंतर फ्लीअरनें १९६१ सालीं, आणि मग पुन्हां टॉप्सनें १९६९ सालीं. मधलीं वर्षें बहुतेक रिकामींच गेलीं. ह्या खंडानें काय केलें तें पाहण्यासारखें आहे. एन. बी. ए. ह्या तेथील प्रमुख व्यावसायिक संघटनेच्या संघांत १९५० पर्यंत एकहि कृष्णवर्णी खेळाडू नव्हता. त्या वर्षीं तिघांनीं तें दार उघडलें. चक कूपर ह्याची बॉस्टनच्या संघानें निवड केली. नॅट क्लिफ्टन ह्यानें न्यूयॉर्कच्या संघाशीं करार केला. आणि ३१ ऑक्टोबर १९५० रोजीं वॉशिंग्टनच्या संघाकडून अर्ल लॉइड हा प्रत्यक्ष सामन्यांत उतरणारा पहिला ठरला. सात वर्षांनीं टॉप्सचा ८० कार्डांचा संच निघाला, तेव्हां क्लिफ्टन आणि लॉइड अजून खेळत होते. त्या संचाचें पहिलेंच कार्ड क्लिफ्टनचें आहे, आणि लॉइडचेंहि कार्ड त्यांत आहे. कूपरचा खेळ १९५६ सालींच संपला होता, म्हणून त्याचें नाहीं! तिघांचें धैर्य एकच, आणि अवघ्या एका वर्षानें एक जण पेटीबाहेर राहिला. खेळाच्या सन्मान-मंदिरांत कूपरला स्थान मिळालें तें २०१९ सालीं, त्याच्या मृत्यूनंतर पस्तीस वर्षांनीं.

म्हणूनच ह्या छंदांतील जाणते लोक सांगतात कीं, खरा संग्रह किंमतीवरून न करतां यादीवरून करावा. कोणी एका संघाचा एका वर्षाचा प्रत्येक खेळाडू मिळवितो, बाकावर बसून हंगाम काढलेलासुद्धां. कोणी फक्त आपल्या गांवच्या कॉलेजांतून पुढें गेलेले खेळाडू गोळा करतो. कोणी निवृत्त झालेल्या वृद्ध खेळाडूला त्याचेंच कार्ड, एक पत्र आणि उत्तरासाठीं तिकीट लावलेला लिफाफा पाठवितो, आणि सहीची वाट पाहत बसतो. नामांकितांकडे अशा पत्रांचे ढीग पडतात. ज्याला वर्षानुवर्षें कोणीं विचारलेलें नाहीं, त्याच्या घरीं तें पत्र काय आनंद घेऊन जात असेल, ह्याची कल्पना वाचकांनींच करावी. ह्या संग्रहास पैसाहि फारसा लागत नाहीं. कॉमन कार्डें पेट्यांनीं, अगदीं कवडीमोलानें मिळतात. लागते ती चिकाटी.

ह्या चिकाटीचा आदर्श म्हणून जेफर्सन बर्डिक ह्या गृहस्थाचें नांव घेतलें पाहिजे. त्याचा जन्म १९०० सालचा. न्यूयॉर्क राज्यांतील सिरॅक्यूज शहरीं विजेचें सामान तयार करणाऱ्या एका कारखान्यांत तो साधी नोकरी करी. लग्न केलें नाहीं. संधिवातानें हातपाय आखडत चालले होते. अशा स्थितींत त्यानें तीन लाखांहून अधिक छापील कागद जमविले. त्यांत सिगारेटचीं कार्डें होतीं, दुकानदारांच्या जाहिरातींचीं होतीं, पोस्टकार्डें होतीं. ज्याला जग कचरा म्हणतें तें सारें होतें. १९३९ सालीं त्यानें त्यांची वर्गवार सूची प्रसिद्ध केली, आणि त्यानें ठरविलेले क्रमांक आजहि संग्राहकांत रूढ आहेत. हा सारा संग्रह त्यानें न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन म्युझियमला देऊन टाकला, आणि वांकड्या झालेल्या बोटांनीं तो स्वतः वह्यांतून चिकटवून दिला. १९६३ सालच्या जानेवारींत हें काम संपलें, आणि मार्चांत तो वारला. ज्या एका कार्डाची प्रत पुढें लाखों डॉलरांस जावयाची होती तेंहि त्याच्या वहींत आहे, आणि कवडीमोलाचींहि. चिकटविण्याची खळ दोहोंस एकच लागली.

ह्या छंदाला दुसरी बाजू आहे, तीहि सांगणें अवश्य आहे. कार्डें सट्ट्याचा माल झालीं कीं मुलांचा खेळ मोठ्यांच्या हातीं जातो. बंद पाकिटांतून काय निघेल ह्याच्या आशेवर पैसे लावीत बसणें हा छंद नव्हे, ती सोडत आहे. २०२१ सालच्या मे महिन्यांत तेथील एका मोठ्या दुकानाबाहेर कार्डांवरून मारामारी होऊन पिस्तूल निघालें, तेव्हां त्या कंपनीला आपल्या दुकानांतून हीं कार्डें विकणें कांहीं काळ बंद ठेवावें लागलें. ज्या घरांतून मुलें अशा वस्तूंच्या नादीं लागलीं आहेत, तेथील वडील मंडळींनीं नुसता नाद मोडूं नये. मूल किंमत पाहतें आहे कीं नांव वाचतें आहे, तेवढें पाहावें. किंमत पाहत असेल तर वेळींच सावरावें. नांव वाचत असेल, कार्ड उलटून मागचे आंकडे पाहत असेल, हा पुढें कोठें गेला, त्याचें काय झालें, असें विचारीत असेल, तर तें मूल इतिहास शिकत आहे असें समजावें.

आपल्याकडे ही दृष्टि अगदींच नवी नाहीं. अनेक घराण्यांनीं आपापले कुलवृत्तान्त छापले आहेत. त्यांत दरबारीं मान मिळविलेल्या पूर्वजाला एक परिच्छेद असतो, आणि 'अल्पवयांत वारला' एवढीच ज्याची हकीकत, त्या मुलालाहि एक ओळ असते. त्या एका ओळीसाठीं कोणी तरी उन्हातान्हांतून गांवोगांव हिंडलेला असतो, क्षेत्रस्थ उपाध्यायांच्या वह्या चाळलेल्या असतात. पण तेथेंहि टॉप्सच्या संचासारख्या जागा रिकाम्या राहिल्या आहेतच. सासरीं गेलेल्या लेकी, लहानपणींच घरीं परत आलेल्या विधवा आत्या, घरांत चाळीस वर्षें राबलेला आश्रित, ह्यांचीं नांवें कित्येकदां सुटलेलीं दिसतात. तीं आतां कोणत्याहि लिलावांत विकत मिळणार नाहींत.

अमेरिकेहून परत आल्यावर आम्हीं पहिलें काम केलें तें हें. दिवाणखान्यांतील फोटो खालीं उतरविला आणि आमच्या ब्याण्णव वर्षांच्या काकूंच्या पुढ्यांत ठेवला. त्यांना आतां नीटसें दिसत नाहीं. कडेच्या मनुष्यावर बोट ठेवून त्या बराच वेळ थांबल्या, मग म्हणाल्या, "अरे, हे विहिरीचें पाणी भरीत. तुमच्या थोरल्या भावाला तापांत रात्रभर मांडीवर घेऊन बसले होते ते." नांव त्यांना आठवलें तें दुसऱ्या दिवशीं सकाळीं, देवापुढें फुलें वाहतांना. तें आम्हीं फोटोच्या मागील पुठ्ठ्यावर पेन्सिलीनें लिहून ठेवलें आहे.

ज्यांच्या घरीं असा फोटो आहे आणि तो ओळखणारें एक तरी माणूस अजून आहे, त्यांनीं हें काम पुढच्या सुटीवर टाकूं नये.