समारंभातील पाचवे शील

काही वर्षांपूर्वी वैशाखी पौर्णिमेची वंदना आटोपल्यावर कोपरगावच्या एका विहारात एक तरुण उपासक आमच्यापाशी येऊन थांबला. दारू सोडून त्याला 41 दिवस झाले होते आणि चार दिवसांवर धाकट्या बहिणीची हळद येऊन ठेपली होती. त्याने विचारले, "सर, हळदीला जाऊ की नको?"

आम्ही पालिचे अध्यापक. आम्ही त्याला दीघनिकायातील सिगालोवाद सुत्ताचा आशय सांगितला. मद्यपानाचे सहा दुष्परिणाम तेथे दिले आहेत : धनहानी, कलहवृद्धी, रोग, अपकीर्ती, निर्लज्जता आणि प्रज्ञेचे दौर्बल्य. त्याने सारे शांतपणे ऐकून घेतले आणि तो म्हणाला, "सर, हे सहाही माझ्या घरात होऊन गेले आहेत. मांडवात गेल्यावर काय करायचे, तेवढे सांगा."

त्या वेळी आम्हांला समाधानकारक उत्तर देता आले नाही, हे प्रांजळपणे नमूद केले पाहिजे. दारू वाईट आहे हे ज्याला पटले आहे, त्याला ती वाईट का आहे हे पुन्हा सांगण्यात काय अर्थ? त्याचा प्रश्न निराळा होता, आणि त्याचे उत्तर विनयपिटकात व अट्ठकथांत आहे. त्या आधारे या प्रश्नाचा विचार करावा, एवढाच प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

सागत थेरांचा प्रसंग

भिक्खूंसाठी मद्यपाननिषेधाचा नियम पाचित्तियांच्या सुरापानवग्गात आहे. क्रमाने तो 51 वा होय. तो घालून देण्यास कारण झालेला प्रसंग असा. आयुष्मान सागत यांनी भद्दवतिकेजवळ एका उग्र नागाला आपल्या सामर्थ्याने नमविले. ही वार्ता कोसंबीला पोहोचली तेव्हा तेथील उपासक हरखून गेले. थेरांना दुर्मीळ असे काय द्यावे, असे त्यांनी विचारले असता छब्बग्गिय भिक्खूंनी कापोतिका नावाच्या मद्याचे नाव सुचविले. मग घरोघरी ते मद्य सिद्ध करण्यात आले. सागत भिक्षाटनास निघाले. प्रत्येक दारी आग्रह झाला आणि प्रत्येक दारी ते प्याले. नगराच्या वेशीपाशी ते कोसळून पडले. भिक्खूंनी त्यांना उचलून विहारात आणले आणि त्यांचे मस्तक तथागतांकडे करून निजविले. परंतु नशेत ते फिरले व त्यांचे पाय तथागतांकडे झाले. ज्याने नागाला नमविले तो आता साध्या पाणसापाला तरी नमवू शकेल काय, असे भगवंतांनी भिक्खूंना विचारले.

या कथेत सागतांचे वाईट चिंतणारा उपासक एकही नाही. मद्य ओतणारे सारे हात भक्तांचे व चाहत्यांचे होते. सागतांचा पराभव द्वेषाने केला नाही, आदरातिथ्याने केला. आणि तोही एका घरी नव्हे, दारोदारच्या छोट्या छोट्या आग्रहांनी. समारंभात दारू नाकारणे अवघड का असते, याचे याहून नेमके निदान आमच्या वाचनात नाही.

आपला परिसर

कोपरगाव तालुक्याला हे विशेषत्वाने लागू पडते. गोदावरीच्या कालव्यांवर येथे ऊस उभा राहिला, उसावर साखर कारखाने उभे राहिले आणि साखरेपाठोपाठ मळी आली. मळीपासून मद्यार्क तयार होतो. अट्ठकथाकारांनी मेरयाचे जे पाच प्रकार सांगितले आहेत, त्यांत फुले, फळे व मध यांच्या आसवांबरोबर गुळाच्या आसवाचाही उल्लेख आहे. पिठापासून व भातापासून केलेले मद्य त्यांनी सुरेत गणले आहे. तेव्हा "बिअर म्हणजे काही दारू नव्हे" किंवा "वाईन तर द्राक्षांची असते" हे युक्तिवाद फार पूर्वीच निकालात निघालेले आहेत. "एकच घोट" या युक्तिवादाचेही तसेच. कुशाच्या टोकावर मावेल एवढे मद्य प्याले तरी दोष होतो, असे विनयात स्पष्ट आहे.

आपल्याकडे पिण्याला लोक 'बसणे' म्हणतात, "आज बसायचे का?" या प्रश्नात दारूचा उच्चारही नसतो. हळदीची रात्र, वरात, जावळ, आखाडातील पार्ट्या, निवडणुकीचा गुलाल, 31 डिसेंबर, एवढेच काय, दुःखाच्या घरीही 'बैठक' भरते. आमच्या बौद्ध समाजाने तर अधिकच अंतर्मुख व्हावयास हवे. कोपरगावाला लागूनच असलेल्या येवल्यात 13 ऑक्टोबर 1935 रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी धर्मांतराची घोषणा केली आणि 14 ऑक्टोबर 1956 रोजी नागपुरात लक्षावधी लोकांना बावीस प्रतिज्ञा दिल्या. दारू न पिण्याची प्रतिज्ञा त्यांत आहे. आजही मंगलपरिणयात सारा मांडव उभा राहून पंचशील ग्रहण करतो. आणि कित्येकदा त्याच मांडवामागे सायंकाळी बैठक बसते. सोडलेल्या माणसाची कसोटी लागते ती या दोहोंमधल्या चार-सहा तासांत.

निर्णय केव्हा घ्यावा

पाचव्या शिलातील 'वेरमणी' म्हणजे विरती, परावृत्त होणे. अट्ठकथांत विरतीचे तीन प्रकार सांगितले आहेत. पूर्वी शील घेतलेले नसता, प्रसंग समोर आला तेव्हा मागे फिरणे ही संपत्तविरती. आधी शील ग्रहण करून त्याच्या बळावर परावृत्त होणे ही समादानविरती. आणि आर्यमार्गाने मुळासकट उच्छेद होणे ही समुच्छेदविरती. तिसरी अवस्था आर्यांची आहे. दारू सोडून थोडेच दिवस झालेल्या माणसाने पहिलीवर विसंबणे धोक्याचे असते, कारण ज्या मनाने निर्णय घ्यावयाचा ते मनच त्या वेळी संगीताने, गर्दीने आणि जुन्या सवयीच्या वासाने घेरलेले असते. त्याचा आधार म्हणजे दुसरी, समादानविरती.

तिच्या स्पष्टीकरणार्थ सिंहलद्वीपातील एका उपासकाची कथा येते. थेरांपाशी शील घेतलेला हा शेतकरी हरवलेला बैल शोधीत डोंगरावर गेला असता अजगराने त्याला विळखा घातला. हातातील तीक्ष्ण शस्त्राने अजगराचे डोके छाटावे असे पुन्हा पुन्हा त्याच्या मनात आले. पण पूज्य गुरूंपाशी घेतलेले शील मोडणे उचित नव्हे, असा निश्चय करून त्याने ते शस्त्रच रानात दूर फेकून दिले. अजगराने त्याला सोडले. या कथेचा आम्ही असा अर्थ घेतो : विळख्यात सापडल्यावर मन डळमळणे हा दोष नव्हे; परंतु आधी घेतलेले शील जवळ असावे आणि मोहाचे साधन हाताच्या टप्प्याबाहेर असावे.

तात्पर्य, जावे की न जावे, किती वेळ थांबावे आणि काय बोलावे हे घरून निघण्यापूर्वीच ठरले पाहिजे. मांडवात नव्याने विचार करण्याजोगे काही उरू नये.

तीन महिन्यांचा वस्सावास

मग सर्वच समारंभ टाळावेत काय? येथे वस्सावासाचा नियम मार्गदर्शक ठरतो. पावसाळ्यात भिक्खू फिरत तेव्हा कोवळे हिरवे गवत पायदळी जाई व सूक्ष्म जीव चिरडले जात. लोकांनी नापसंती व्यक्त केल्यावर भगवंतांनी तीन महिने एका ठिकाणी राहण्याचा नियम केला. नवी विरती ही असाच कोवळा अंकुर आहे. पहिले तीन महिने आपणच आपल्या पायांना आवर घालावा. मित्रांच्या पार्ट्या, ढाब्यावरील जेवणे, वरातीतील नाच यांना निःसंकोच नकार द्यावा. आषाढी पौर्णिमेनंतर अवघ्या पंधरवड्यात आखाडाची अमावस्या येते, ही गोष्टही उपासकांनी ध्यानात ठेवावी. वस्सावासाची पहिलीच परीक्षा ती असते.

परंतु वस्सावास हा तुरुंग नव्हे. आईवडिलांचे आजारपण किंवा तसेच निकडीचे कार्य असेल तर सात दिवसांत परत येण्याच्या अटीवर भिक्खूला बाहेर जाण्याची अनुज्ञा आहे. तिला सत्ताहकरणीय म्हणतात. तिच्यात दोन अंगे आहेत : कार्य खरोखर निकडीचे हवे आणि परतीची मुदत ठरलेली हवी. बहिणीची हळद हे निकडीचे कार्य होय, सहकाऱ्याच्या मेहुण्याचा वाढदिवस नव्हे. हळदीला जावे, पण तास ठरवून जावे. विधीला हजर राहावे, वडीलधाऱ्यांना भेटावे आणि बैठक जमण्यापूर्वी निघावे. परतण्याचे वाहन स्वतःच्या हाती असावे. पिणाऱ्याच्या गाडीत मागे बसून गेलेल्याला निघण्याची वेळ ठरविता येत नाही.

प्रत्यक्ष मांडवात

पहिली गोष्ट, एकटे जाऊ नये. सिगालोवाद सुत्तात केवळ पिण्यापुरत्या सोबत्याला खरा मित्र मानलेले नाही; आपण बेसावध असता जो आपले रक्षण करतो तो हितकारी मित्र, असे तेथे सांगितले आहे. पत्नी, न पिणारा मेहुणा, वडील भाऊ यांपैकी एकाला आधी सांगून ठेवावे की "मी खूण केली की आपण निघायचे."

दुसरी गोष्ट, उपाशीपोटी वा थकून जाऊ नये. भूक, राग, एकाकीपणा आणि थकवा या चार अवस्थांत मन दुबळे होते, हे व्यसनमुक्तीच्या क्षेत्रातील अनुभवी लोक आवर्जून सांगतात. घरी थोडे जेवून निघावे. मांडवात पेला स्वतः भरून घ्यावा, तो हातात ठेवावा आणि एकदा खाली ठेवलेला पेला पुन्हा उचलू नये. नुसता चकणा खायलाही बैठकीत बसू नये.

तिसरी गोष्ट नकाराची. पुष्कळजण सबब सांगतात : "कावीळ झाली आहे", "गोळ्या चालू आहेत". ती खरी नसेल तर पाचवे शील राखण्यासाठी चौथे मोडले जाते. शिवाय सबब टिकत नाही. कावीळ बरी होते, गोळ्या संपतात, आणि पुढच्या लग्नात तोच दाजी पेला घेऊन उभा असतो : "आता तर बरा झालास ना?" "मी घेत नाही" या तीन शब्दांना मुदत नसते. ते हसून म्हणावेत, पुन्हा आग्रह झाला तर तेच पुन्हा म्हणावेत आणि जागेवरून उठावे. कारणे देऊ नयेत. कारण दिले की वाद सुरू होतो आणि वादात पिणारे संख्येने अधिक असतात. "तुला माझी शपथ" असे म्हणणाऱ्या मामांना नमस्कार करावा, पेला मात्र घेऊ नये.

येथे एक इशारा आवश्यक आहे. जो दररोज भरपूर पितो त्याने समारंभाच्या तोंडावर एकाएकी, वैद्यकीय सल्ल्यावाचून दारू तोडू नये. कंप, भ्रम, झटके येऊन जिवावर बेतू शकते. शील घेण्यापूर्वी डॉक्टरांना भेटणे हा शिलाचा अनादर नव्हे. पुण्यात 29 ऑगस्ट 1986 रोजी डॉ. अनिता अवचट व अनिल अवचट यांनी सुरू केलेल्या मुक्तांगणासारखी केंद्रे आहेत. अल्कोहोलिक्स ॲनॉनिमसच्या सभा महाराष्ट्रात मराठीतून भरतात. त्यांचे साहाय्य अवश्य घ्यावे.

यजमानाचे कर्तव्य

सारा भार सोडणाऱ्यावरच टाकणे न्याय्य नाही. सुत्तनिपातातील धम्मिक सुत्तात गृहस्थाला तिहेरी उपदेश आहे : स्वतः पिऊ नये, दुसऱ्याला पाजू नये आणि पिणाऱ्याला अनुमोदन देऊ नये. आम्ही पहिला भाग पाठ करतो आणि उरलेले दोन विसरतो. कोसंबीच्या उपासकांचा दोष नेमका हाच होता. एखाद्याने दारू सोडली आहे हे ठाऊक असता त्याला आग्रह करणे, "बघू किती दिवस टिकतो" अशी पैज लावणे, थट्टेने त्याच्या शीतपेयात दारू मिसळणे हे पाप आहेच. आणि तो सोडण्यासाठी डायसल्फिरामच्या गोळ्या घेत असेल तर अशी थट्टा त्याच्या प्राणावरही बेतू शकते. यजमानाने पंचशिलाने आरंभ झालेले कार्य पंचशिलातच पार पाडावे.

शील भंगले तर

एवढे करूनही पाय घसरू शकतो. जी. ॲलन मार्लाट व जुडिथ गॉर्डन यांनी 1985 मध्ये 'रिलॅप्स प्रिव्हेन्शन' या ग्रंथात दाखविले की पहिल्या पेल्याइतकाच घातक असतो तो त्यानंतरचा विचार : "मोडलेच आहे, तर आता पुरते पिऊ." विनयाची दृष्टी याच्या उलट आहे. पाचित्तिय हा देशनेने, म्हणजे दुसऱ्या भिक्खूपाशी कबुली देऊन, शुद्ध होणारा दोष आहे. त्यासाठी संघातून काढून टाकीत नाहीत. उपासकानेही दुसऱ्याच दिवशी विश्वासाच्या माणसाला सांगावे आणि शील पुन्हा ग्रहण करावे. पहिली तिथी चुकलेल्या भिक्खूला एक महिन्यानंतर वस्सावास सुरू करण्याची मुभा आहे, हेही विसरू नये.

तो उपासक दुसऱ्या दिवशी पुन्हा भेटला, तेव्हा यांतील काही गोष्टी आम्ही त्याला सांगू शकलो. तो हळदीला गेला. बहिणीला हळद लावली आणि साडेआठला, वाद्ये सुरू होताच, मेहुण्याला घेऊन निघाला. दुसऱ्या दिवशी मांडवात त्याने मोठ्याने पंचशील म्हटले. पुढे हिवाळ्यात तो एकदा घसरला, तिसऱ्या दिवशी विहारात आला आणि पुन्हा शील घेऊन गेला. आता तो नव्याने सोडलेल्या दोघांबरोबर त्यांच्या घरच्या समारंभांना जातो आणि ठरलेल्या वेळी त्यांना घेऊन निघतो.

कोसंबीच्या वेशीपाशी पडलेल्या सागत थेरांचे पुढे काय झाले? अंगुत्तरनिकायात भगवंतांनी अग्रश्रावकांची जी नामावली सांगितली आहे, तीत तेजोधातूत कुशल असलेल्यांमध्ये अग्र म्हणून सागतांचेच नाव आहे.